कणीची खळ

माझ्या आईनं पुस्तकं चिकटवायची खळ पेज समजून खाल्ली, त्या दिवशी मी सकाळपासूनच कुणाशी धड बोलत नव्हते. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यात माझ्या रागाचा वाटा मोठा आहे, आणि तो झाकून ही हकिगत सांगता येणार नाही. खळीत मोरचूद घालायचा होता. पुडी मीच बांधून दिली होती, आणि त्या दिवशी नेहमीच्या दुप्पट दिली होती.

मी छापकाम करते. लाकडाच्या फळीवर चित्र कोरायचं, शाई लावून ते कागदावर उतरवायचं आणि त्या कागदांची घरीच पुस्तकं बांधायची, असा हा उद्योग. एका पुस्तकाच्या पंधरा-वीस प्रती, त्यासुद्धा वर्षातून एकदा. घेणारे लोक लांबचे असतात. आमच्या नातेवाइकांना हे प्रकरण अजून कळलेलं नाही. "पण लिहिलंय काय त्यात?" असं विचारतात, आणि लिहिलेलं काहीच नाही, नुसती चित्रं आहेत म्हटलं की बशीत चहा ओतायला लागतात.

आई आणि मी टोकावड्याच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत, एका पाड्याला लागून राहतो. बाबा होते तोवर आमचं घर शहापूरला होतं. बाबा बाइंडर. कचेऱ्यांची रजिस्टरं, शाळांचे हजेरीपट, वकिलांची जाडजूड बाडं, सगळं आमच्या पुढच्या खोलीत शिवलं जायचं. मागच्या खोलीत चूल, आणि तिथे आई एकीकडे आमटी नि एकीकडे खळ शिजवायची. खळ तांदळाच्या कणीची. मैद्याची पिवळी पडते, असं बाबांचं मत. आणि खळीत मोरचूद हवाच. खळ लावलेला कागद म्हणजे किड्यांना वाढलेलं ताट. त्यात ते निळं विष असलं की कसर, झुरळ, वाळवी जवळ फिरकत नाही. बाबा पुडी मोजून बांधायचे आणि आत पाठवायचे. तरीसुद्धा दोन-तीन वर्षांनी एखाद्या कचेरीतून चाळण झालेलं रजिस्टर परत यायचंच. मग बाबा तडक मोरचूदवाल्या दुकानदाराकडे जायचे आणि भर बाजारात त्याची भेसळ काढायचे. "मोरचूदात दम राहिला नाही," हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं की ते मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. त्या दुकानदाराशी बाबा मरेपर्यंत बोलले नाहीत.

तोच नियम मी पुढे चालवला. फक्त आता आई शिजवत नव्हती. तिला ब्याऐंशीवं लागलंय, एका डोळ्यानं अंधुक दिसतं, आणि सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. जुनं मात्र सगळं जागच्या जागी आहे. खळ शिजवायच्या त्या वहिनी.

वहिनी पाड्यावरच्या, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या. सहा वर्षांपूर्वी कागद वाळत घालायला म्हणून आल्या, आणि महिन्याभरात त्यांच्या हातची घडी माझ्या घडीपेक्षा सरळ पडायला लागली. मी पट्टी लावते, त्या अंगठ्याचं नख फिरवतात. कणी त्यांच्याच घरची, त्यांच्या शेतातल्या भाताची. पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातात पुडी दिली तेव्हा त्या पुडीकडे आणि सुपातल्या कणीकडे आळीपाळीनं बघत राहिल्या.

"भातात ईष घालायचं?"

"भात नाही, वहिनी. खळ आहे ती. खायची नाहीये."

"कनी तर खायाचीच हाय ना, ताई."

मग मी त्यांना कसर, वाळवी आणि बाबांची रजिस्टरं यांच्यावर पाऊण तास व्याख्यान दिलं. त्यांनी ऐकून घेतलं, पुडी पदराच्या टोकाला बांधली आणि मागच्या चुलीकडे गेल्या. विषय संपला, असं मी धरून चालले. खळीचं पातेलं मी वेगळं ठेवलं, त्याच्या कडेला लाल रंगाचा पट्टा ओढला, आणि हे पातेलं पडवीतच राहील, घरात येणार नाही, असा नियम केला. नियम माझा होता. तो मोडलाही मीच.

या वर्षीचं पुस्तक राबाचं होतं. पावसाआधी भाताचं बी पेरायच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, गवत पसरून ते जाळतात, त्याला आमच्याकडे राब भाजणं म्हणतात. पंख्यासारखं उलगडत जाणारं पुस्तक, आणि पानोपानी तो एकच तुकडा: गवताचा पिवळा, पाल्याचा तपकिरी, विस्तवाचा तांबडा, शेवटी राखेचा काळा. एका पानाचे चारही रंग एकाच फळीतून. आधी पिवळा छापायचा, मग तीच फळी आणखी कोरून तपकिरी, आणखी कोरून तांबडा. काळ्यापर्यंत येईतो फळीवर तेवढाच भाग उरतो. मागचा रंग पुन्हा छापू म्हटलं तर फळीच नसते. सुरुवातीला जितके कागद छापले तितक्याच प्रती, आणि एक कागद बिघडला की एक प्रत कमी.

खरं तर विस्तवाला मला कुठेतरी हिरवा रंग द्यायचा होता. शहापूरच्या आमच्या चुलीत मी लहानपणी हिरवा जाळ पाहिलाय, अशी माझी एक आठवण आहे. शाळेत सांगितलं तर बाई हसल्या होत्या, बाबांना सांगितलं तर तेही हसले. पुढे मीही ते स्वप्नच ठरवून टाकलं. म्हणून तांबडाच छापला.

अठरा प्रती छापून झाल्या, चिकटवून-बांधून द्यायला दहा दिवस उरले, आणि फोनवर एक फोटो आला. तीन वर्षांपूर्वी माझं एक पुस्तक घेतलेल्या बाईंचा. पुठ्ठ्याच्या कडेपासून आत, थेट तिसऱ्या पानावरच्या आंब्याच्या खोडापर्यंत किड्यानं कोरलेला बारीक, नागमोडी बोगदा. खाली एवढंच लिहिलेलं: "असं होणं अपेक्षित आहे का?"

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. त्या बाईंना उत्तर काय द्यायचं तेही सुचेना. बाबांचंच वाक्य तोंडातून बाहेर पडलं, मोरचूदात दम राहिला नाही. मी मुरबाडच्या बाजारातून नवा मोरचूद आणला, ते निळे खडे खलात कुटले आणि सकाळी वहिनींना दुप्पट मापाची पुडी दिली.

"येवडा?" त्या म्हणाल्या.

"एवढाच. आणि नीट ढवळा. मागच्या खेपांना गुठळ्या राहिल्या असणार. तुमचंच कुठेतरी चुकलंय."

त्यांनी पुडी पदराला बांधली आणि गेल्या. असं बोलायला नको होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण वड्याचं तेल वांग्यावर काढायची मला सवय आहे, आणि वहिनी नेहमी हाताशी असतात.

दहाच्या सुमाराला खळ शिजली. वहिनींनी पातेलं पडवीत आणून ठेवलं आणि त्या मागच्या हातपंपावर भांडी घासायला गेल्या. मी डोकावून बघितलं. दुप्पट मोरचूद घालूनही खळ पांढरीशुभ्र. थोडी निळी झाक तरी यायला हवी होती. म्हणजे हाही भेसळीचाच, म्हणून मी मनातल्या मनात मुरबाडच्या दुकानदाराला चार शिव्या घातल्या. आता खळ गाळायची होती. पण समोरच्या डोंगरउतारावर कुणीतरी खराच राब भाजत होतं आणि वाऱ्यावर काजळी उडून पडवीत येत होती. खळीत काजळीचा एक कण पडला तर तो पानात कायमचा बसतो. म्हणून मी पातेलं उचललं, स्वयंपाकघरात नेलं आणि ओट्यावर ठेवलं. गाळायचं फडकं आणायला पडवीत परत आले, तर वाऱ्यानं दोन छापलेले कागद उडवलेले. ते धरायला धावले. मग बाकीच्यांवर दगड ठेवले. मग एका पानाचा कोपरा दुमडला होता, तो नखानं सरळ करत बसले. वीस मिनिटं गेली असतील.

आत आले तेव्हा आई पाटावर बसली होती. समोर ताटात खळ, कडेला लोणच्याची फोड. वरून मीठ घेतलं होतं तिनं. ओठांना पांढरं लागलेलं.

"आज पेज दाट झालीय गो," ती म्हणाली. "पण बरी लागते."

पातेल्यातली खळ चार बोटं खाली गेली होती.

 माझी किंकाळी ऐकून वहिनी राखेच्या हातांनी धावत आल्या. मी आईच्या घशात बोटं घालायला गेले, तिनं मला कडकडून चावा घेतला. "ओक, आई, ओक ते," असं मी ओरडत होते, आणि ती मला घाबरून भिंतीकडे सरकत होती. वहिनींनी ताट बघितलं, पातेलं बघितलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. पण बोलल्या त्या अगदी सावकाश.

"ताई, आजीला काय व्हनार नाय."

"दुप्पट होता त्यात! दुप्पट!"

"सांगते ना मी. काय व्हनार नाय. तुमी आदी बसा."

बसा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खेड्यातली माणसं सापाच्या दंशालाही असंच म्हणतात, असं काहीतरी माझ्या मनात येऊन गेलं, आणि मी त्यांना बाजूला ढकलून रस्त्याकडे धावले.

पाड्यावरच्या शेजाऱ्याचा पिकअप भेंडीच्या गोण्या भरून बाजाराला निघतच होता. त्याला काय सांगितलं मला आठवत नाही. आईला आम्ही उचलूनच पुढे बसवलं, तिच्या शेजारी मी, आणि वहिनी मागे गोण्यांवर चढल्या. पाड्यावरून मुख्य रस्त्यापर्यंतचा रस्ता म्हणजे नुसती खडी. प्रत्येक धक्क्याला आई "हळू रे बाबा" म्हणायची, आणि मला वाटायचं, तिला कळतंय, तिच्या पोटात काहीतरी सुरू झालंय. मी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. हात गार होता. तो एरवीही गारच असतो, पण ते मला त्या वेळी कोण सांगणार.

डांबरी रस्त्याला लागलो आणि थोड्याच वेळात आई ओकली. माझ्या मांडीवर, पांढरं, चिकट, शितांसारखं. मला वाटलं, संपलं.

"ताई." मागच्या जाळीला तोंड लावून वहिनी बोलत होत्या. "गाडी लागली असंल. ऊन-ऊन चिकाट खळ पोटात, वर ह्यो रस्ता. माझं ऐका, काय व्हनार नाय."

"तुम्हाला काय कळतं विषातलं? गप्प बसा!"

गाडी चालवणाऱ्या शेजाऱ्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे.  आरशात मला वहिनींचा अर्धा चेहरा दिसत होता; वाऱ्यानं पदर उडत होता आणि त्याचं टोक त्यांनी मुठीत गच्च धरलं होतं.

सरळगावला आठवडे बाजार भरलेला. रस्त्यावरच शेळ्या, रस्त्यावरच कांदे, समोरून घाटाकडे निघालेला ट्रक आणि मागे एसटी. आम्ही अडकलो. शेजारी हॉर्न वाजवत राहिला, शेळ्या आमच्याकडे बघत राहिल्या. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून लोकांना वाट्टेल ते बोलले. एका म्हाताऱ्यानं मला उलट उत्तर दिलं. तेवढ्यात वहिनी गोण्यांवरून खाली उतरल्या आणि पुढे चालत गेल्या. "वाट द्या रे, म्हातारीला दवाखान्यात न्यायाची हाय," असं म्हणत त्यांनी एकेक शेळी कानाला धरून बाजूला केली, कांदेवाल्याची ताडपत्री दुमडायला लावली. गाडी पुढे सरकली तसं त्या चालत्या गाडीत चढल्या. त्यांनी एवढं करूनही मी त्यांच्याकडे वळून बघितलं नाही. सकाळी मोरचूद नीट ढवळला असेल यांनी, या एका दिवशी नेमका नीट ढवळला असेल, असाच विचार डोक्यात होता. आणि मग मी देवाला साकडं घातलं. मोरचूद भेसळीचा असू दे. त्या दुकानदारानं वाळू घातलेली असू दे, मीठ घातलेलं असू दे, मला पुरतं फसवलेलं असू दे. आयुष्यात पहिल्यांदाच मी देवाकडे भेसळ मागत होते.

मुरबाडच्या दवाखान्यातली डॉक्टर वयानं लहान, पण हातानं शांत होती. आईला खाटेवर निजवून तिनं मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. काय खाल्लं? किती? किती वेळ झाला? उलटीचा रंग कसा होता? निळा-हिरवा?

"पांढरा," मी म्हणाले.

तिच्या कपाळाला आठी पडली. "तरी धोका घेता येणार नाही. नळी घालून पोट धुवावं लागेल. या वयात तेही सोपं नाही. मध्येच काही झालं तर... तुम्ही मुलगी ना? इथे सही करा."

मी पेन घेतलं. दवाखान्यातल्या एका मावशींनी आईचे खांदे धरले होते. नळी पाण्यात बुडवून ठेवलेली आईला दिसत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, लहान मूल मार खायच्या आधी बघतं तसं.

"मी काय केलं गो?" ती म्हणाली.

 सही केली तर नळीनं जाईल, नाही केली तर विषानं जाईल, आणि दोन्ही माझ्याच हातानं. कागदावर पेन टेकलं आणि मागून वहिनी म्हणाल्या, "सही नका करू."

त्या पुढे आल्या. पदराच्या टोकाची गाठ इतकी घट्ट बसली होती की त्यांना ती दातांनी सोडवावी लागली. गाठीतून एक पुडी निघाली. पुडीचा कागद माझाच होता, राबाच्या पुस्तकाच्या पिवळ्या रंगाचा बिघडलेला छाप, सकाळी मीच फाडलेला. वहिनींनी ती डॉक्टरच्या टेबलावर ठेवून उलगडली. आत निळी पूड, मी कुटलेली, जशीच्या तशी.

"ह्यो बगा तो मोरचूद. मी खळीत घातलाच नाय."

"मग खळीत काय होतं?"

"कनी आन पानी. दुसरा काय नाय. पोरांची शपत."

डॉक्टरनं पुडी हातात घेतली, वास घेतला, मला विचारलं, "हीच का?" मी मान हलवली. तिनं वहिनींना तोच प्रश्न आणखी दोनदा फिरवून विचारला, आणि दोन्ही वेळा तेच उत्तर आलं. मग तिनं नळी बाजूला ठेवली. आईच्या खांद्यांवरचे हात निघाले.

आता मी जे केलं ते लिहायचं म्हणून ही सगळी हकिगत लिहायला घेतली. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर आईच्या गळ्यात पडली असती, वहिनींच्या पाया पडली असती. मी वहिनींकडे वळले आणि विचारलं, "आणि आधीच्या?"

"आदीच्या काय, ताई?"

"आधीच्या पुस्तकांत. त्यात तरी घातला होता का?"

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

"कधीपासून नाही?"

"पयल्यापासून."

"सगळ्या? सगळ्या पुस्तकांत?" माझा आवाज चढला होता. आंब्याचं पुस्तक, विहिरीचं, बैलांचं, मी एकेक पुस्तक मोजायला लागले, आणि मोजता मोजता माझ्या लक्षात आलं की डॉक्टर माझ्याकडे बघतेय. बोटांवर मोजायला मी आईचा हात सोडला होता. घरापासून धरलेला हात, त्या पिकअपमध्ये सुटला नाही, तो मी पुस्तकं मोजायला सोडला. आईचा पंजा खाटेच्या कडेला तसाच उघडा पडला होता. ते आठवलं की आजही माझी मान खाली जाते.

"तुमी लई रागवाल म्हनून नाय बोलली," वहिनी म्हणाल्या. "पन ती कनी माझ्या शेताची. आमी ती खायासाठी पेरतो. तीत ईष कालवायला माझा हात नाय झाला, ताई. पुड्या टाकल्या बी नाय. वड्यात टाकली तर गुरं पानी पितात. सगळ्या घरी डब्यात हायेत."

घरापासून त्यांनी मला किती वेळा सांगितलं होतं, काय होणार नाही म्हणून. मी ते अडाणी माणसाचं सांत्वन समजले. वहिनी जाणकार माणसासारखी माहिती देत होत्या, आणि पुढचं वाक्य बोलायची हिंमत होईल अशी जागा मी त्यांना सहा वर्षांत ठेवली नव्हती. माझ्या रागानं आईला जवळजवळ ती नळी घातली होती.

डॉक्टरनं आईला संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवायचं ठरवलं. सलाइन लावलं, रक्त तपासायला घेतलं. शेजारी भेंडी घेऊन बाजाराला गेला, परतताना येतो म्हणाला. वहिनी दाराशी बाकावर बसल्या होत्या, मी घाणेरडी साडी तशीच नेसून आईच्या उशाशी. शेवटी उठून त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "वहिनी, माझं चुकलं." आणखी बरंच बोलायचं होतं, पण रडूच यायला लागलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. राखेचा वास होता त्या हाताला.

"काय झालं गो? रडतेस कशाला?" आईनं खाटेवरून विचारलं. पोट रिकामं झाल्यामुळे की काय, तिला बरंच हुशार वाटत होतं.

मी डोळे पुसले. "काही नाही, आई. वहिनी सहा वर्षं खळीत मोरचूद घालतच नव्हत्या."

"मग? मी तरी कुठे घालत होते?"

मला वाटलं, ती बरळतेय. "बाबा पुडी बांधून द्यायचे ना तुला?"

"द्यायचे की. रोज द्यायचे. मी चुलीत टाकायची. जाळ कसा हिरवागार व्हायचा. तू बघून टाळ्या पिटायचीस."

 शाळेतल्या बाई हसल्या होत्या, बाबा हसले होते, आणि मी गेल्या महिन्यात तो रंग स्वप्न म्हणून सोडून दिला होता.

"आई, बाबांची किती रजिस्टरं खाल्ली किड्यांनी. किती बोलणी खाल्ली त्यांनी."

"खाईनात का. घरात तू रांगत होतीस. जे दिसेल ते तोंडात घालायचीस. आणि खळीचं पातेलं कायम खाली." तिनं अंगावरची चादर सारखी केली. "त्या मोरचूदवाल्याचं मात्र मला वाईट वाटायचं हो. बिचारा चांगला माल देत होता."

दाराशी बसलेल्या वहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आईही हसली, का ते न विचारता. मी त्या दोघींकडे बघत होते. माझ्या घरातली खळ पन्नास वर्षं कुणीही चाखून बघितली असती तरी चाललं असतं, आणि हे मी सोडून सगळ्या बायकांना माहीत होतं.

संध्याकाळी डॉक्टरनं घरी जायला सांगितलं. पिकअपची वाट बघत आम्ही तिघी दवाखान्याच्या पायरीवर बसलो. मी फोन काढला. आंब्याच्या खोडापर्यंत गेलेल्या त्या बोगद्याचा फोटो, आणि खाली तो प्रश्न, अजून तसाच: असं होणं अपेक्षित आहे का?

मी लिहिलं, "हो. आमच्याकडे खळ खाण्याजोगीच शिजवतात." आणि पाठवून दिलं.

"कुनाला काय लिवलं, ताई?" वहिनींनी विचारलं.

"गिऱ्हाइकाला," मी म्हणाले. मग आईचा हात धरून तिला उठवलं, कारण रिकामा पिकअप फाटकाशी येऊन हॉर्न वाजवत होता.